दीपमाला कासदेकरची एक चुकलेली ओळ

दीपमाला कासदेकर इंग्रजीत कविता लिहिते, हे अमरावतीत कळलं तेव्हा जो तो एकच विचारत सुटला: मराठीत का नाही? एका निवृत्त प्राध्यापकांनी तर मातृभाषेचं महत्त्व तिला वीस मिनिटं समजावून सांगितलं. ते संपल्यावर ती म्हणाली,

"सर, माही मातृभाषा कोरकू. मराठी मी आश्रमशाळेत शिकली. तिथं माह्या मराठीले सारे हासत. इंग्रजीच्या तासाले कोनी हासे नाही. सारेच चुकत."

प्राध्यापकांनी विषय बदलला.

ती एक्केचाळीस वर्षांची आहे. एका क्लासमध्ये बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि त्यांचे पेपर तपासून झाले की उरलेल्या कोऱ्या पानांवर कविता लिहिते. गेल्या वर्षी दिल्लीच्या एका प्रकाशकाने तिचं पहिलं पुस्तक घेतलं. संपादकबाईंची सौम्य तक्रार एवढीच, की कवितांत एसटीचा पास आणि वसतिगृहाची खिचडी फार, जंगल कमी. वडिलांवरची कविता मात्र त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती पहिल्या पानावर नेली.

वडील चंदन कासदेकर सहा वर्षांपूर्वी वारले. कवितेच्या शेवटी ते पूर्वजांत जाऊन बसतात.

छपाईआधी ही कविता आईला ऐकवावी म्हणून दीपमाला अकोटला बस बदलून गावी गेली. हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव आहे. आई पार्वताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. दीपमालाने एकेक ओळ कोरकूत करून सांगितली. पुढचं बोलणंही कोरकूतच झालं. तिने ते मला वऱ्हाडीत सांगितलं, तसंच इथे देतो.

"सागासारखा अबोल?" पार्वताबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोन, तुहा बाप? बोलून बोलून डोकं खाये मानसाचं."

"कवितेत असं चालते, माय."

"कोनाले चालते?"

दीपमालाने 'अबोल' खोडलं आणि शेवटची ओळ सांगितली. आता पार्वताबाईंचा चेहराच बदलला.

"पूर्वजांत बसला म्हनते. कवा बसला? सिडोली केली काय आपन?"

सिडोली म्हणजे मेलेल्याला पूर्वजांत पोचवण्याचा कोरकूंचा विधी. तो झाला, सूर्य-चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला लाकडी खांब गावाबाहेर रोवला, की माणूस आपल्या लोकांत गेला. तोवर तो अधांतरी. घराण्यातल्या दोन-चार मृतांची सिडोली एकत्र करतात, आणि इथेच घोडं अडलं होतं. काकाची मुलं अकोल्यात कामाला, धाकटा भाऊ कुंदन परतवाड्याला ड्रायव्हर. साऱ्यांना एकदम सुट्टी सहा वर्षांत मिळाली नव्हती.

"थो अजून दारात उभा हाय," पार्वताबाई म्हणाल्या, "अन् तू त्याले आत बसोलं. वरून छापून बी राहिली. खोटं छापजो नको."

इंग्रजी व्याकरणाच्या चुका काढण्यावर पोट असलेल्या बाईला ही चूक मान्य करावी लागली. परतीच्या बसमध्येच तिने शेवट बदलला. आता कवितेतले वडील दारात उभे राहून अखंड बडबडतात, कारण मुलांना रजा मिळत नाही. संपादकबाईंनी कळवलं, की कवितेची शांतता गेली, पण कविता सुधारली.

पार्वताबाईंनी नवा शेवट फोनवर ऐकला, पसंत केला आणि लगेच कुंदनला फोन लावला.

"तुह्या बहिनीनं दिल्लीच्या पुस्तकात लिहिलं, का तुह्यापायी बाप दारात उभा हाय."

"माहं नाव टाकलं काय?" कुंदन घाबरला.

"टाकाले काय लागते?"

इंग्रजीचा धसका शाळेतून घेतलेला माणूस तो. आठ दिवसांत त्याने अकोल्याच्या चुलतभावांना गाठून तारीख ठरवली. माघात सिडोली झाली, वडिलांसह घराण्यातल्या तिघांचे खांब रोवले गेले. दीपमाला खांबापाशी फार रडली, असं कुंदन सांगतो. धूर होता, असं ती सांगते.

पुस्तक चैत्रात छापून आलं. पार्वताबाईंनी ते उलटसुलट पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "आता यात थो कुठी हाय?"

"दारात."

"कावून व? गेला ना आता!"

"छपाई आधीच झाली होती, माय."

पार्वताबाईंना हे कारण पटलं नाही. शेवटी ठरलं, की दीपमालाच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक प्रतीत त्या कवितेखाली सिडोलीची तारीख पेनाने लिहायची. ती लिहिते. अमरावतीच्या कार्यक्रमात चौतीस प्रती गेल्या, चौतिसांत लिहिली. रांग खोळंबली तरी लिहिली. दिल्लीहून परस्पर विकल्या जाणाऱ्या प्रतींना तिचा इलाज नाही, आणि ही गोष्ट तिने आईला अजून सांगितलेली नाही.