बारा घरं आणि एक डबा

तालुका पंचायतीचे मोठे साहेब पहिल्या नव्या घरासमोर उभे राहिले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग मला विचारलं, "जेई, बागिलू एल्ली?"

म्हणजे कन्नडमध्ये, दार कुठाय. प्रश्न रास्त होता. घराला नंबरची पाटी होती, दोन पायऱ्या होत्या. पायऱ्या चढलं की थेट विटांची भिंत. पुढची अकरा घरंही तशीच.

जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. माझे केस पांढरे झाले तरी मी ज्युनिअरच होतो. कर्नाटकात सदलग्याच्या बाजूला एका खेड्यात सरकारी योजनेतली ही घरं माझ्या देखरेखीखाली झाली. चूक एकच झाली, आणि ती मी केली.

आखणीच्या दिवशी मी लेआउट जीपच्या बॉनेटवर पसरला. लेआउट म्हणजे कुठं घर, कुठं रस्ता, याचा नकाशा. वारा सुटला होता, म्हणून कोपऱ्यावर जेवणाचा डबा ठेवला. नेमका त्याच कोपऱ्यात नॉर्थ ॲरो होता, उत्तर दाखवणारा बाण. तो डब्याखाली गेला. मी नकाशा उलटा धरून चुना टाकून घेतला. शाळेच्या बाजूनं जायचा रस्ता गेला कालव्याकडनं, आणि उत्तरेला उघडायची बारा दारं उघडली दक्षिणेला.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बनियन उलटा घालून ऑफिसला जाता. गाव तेवढं सुलट बांधणार होय?"

घरांचे मालक पोटासाठी बाहेर होते. कुणी वडगावात यंत्रमागावर, कुणी संकेश्वरला कारखान्यात. स्लॅब पडेपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग पहिल्या घराचे मालक आदगोंडा आप्पा आले. त्यांचा मुलगा, सून, नातवंडं वडगावात भाड्यानं राहत होती, ती आता परत यायची होती. आप्पांनी दारात उभं राहून सूर्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सायेब, दक्षिणेला तोंड केलेलं घर आमच्या सात पिढ्यांत न्हाय."

"पण आप्पा, रस्ता तिकडंच आहे."

"आम्ही काय रस्त्यावर ऱ्हातो व्हय?"

दोन दिवस मी त्यांना हवा, उजेड, वारा समजावला. तिसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर आप्पांनी पुढचं दार विटांनी बुजवलेलं. मागचं दार हेच पुढचं, असं जाहीर करून मोकळे. आठवड्यात बाकीच्या अकरा जणांनीही येऊन तेच केलं. राहायला आल्यावर पाहुण्याला आधी मोरी दिसणार, मग चूल, मग बैठक. पण तोंड उत्तरेला! सगळे खूश.

खूश नव्हत्या त्या फक्त चौगुले बाई. गावच्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. पोरं कमी झाली म्हणून शाळा शेजारच्या गावात विलीन करायचं पत्र आलेलं. "साहेब," त्या मला म्हणाल्या, "ही बारा घरं भरली तरच माझी शाळा राहते. महिनाअखेरपर्यंत नावं दाखल व्हायला पाहिजेत."

आणि घरं भरायची कशी? शेवटची तपासणी झाल्याशिवाय ताबा नाही. तपासणीत मालकाचा फोटो पाहिजे, रस्त्याकडच्या दारात उभा राहून. मोबाइलमधनं थेट वर जातो तो.

म्हणून त्या दिवशी बाई प्रवेशाचं रजिस्टर छातीशी धरून उभ्या होत्या, आणि साहेब भिंतीकडं बघत होते.

"सर, दार मागं आहे," मी म्हणालो.

"मागचं चालत नाही. रस्त्याकडचं पाहिजे. नाहीतर रिजेक्ट."

बाईंनी रजिस्टर खाली केलं.

तेवढ्यात आप्पा पुढं झाले. "रस्त्याकडचं दार पायजे न्हवं?"

"हौदु," साहेबांनी होकार दिला.

"मग रस्ताच हिकडं आणतो की! तुमी जेवून या, सायेब."

साहेब हसले. आप्पांच्या जुन्या घरी आम्ही जेवायला बसलो, तोवर बाहेर ट्रॅक्टरांचा धडधडाट सुरू झाला. ऊस संपल्यामुळं गावातल्या ट्रॉल्या रिकाम्याच होत्या. मुरूम येत होता, बाया पाट्या ओतत होत्या, आप्पा काठी घेऊन ओरडत होते, "बाळू, सरळ घे रं! रस्ता हाय, साप न्हवं!" ऊन उतरायच्या आत मागच्या दारांपुढनं थेट शाळेच्या फाटकापर्यंत रस्ता तयार.

साहेबांनी लेआउट मागितला. मी दिला. त्यांनी तो सरळ धरला, बराच वेळ बघितला.

"जेई, हा रस्ता तर प्लॅनप्रमाणंच आहे!"

"हो सर."

"मग कालव्याकडचा कशाला?"

"भविष्यातील विस्तारासाठी, सर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बाईंच्या रजिस्टरकडं बघितलं. मग म्हणाले, "फोटो काढा."

त्या महिन्यात वडगाव-संकेश्वरहून बारा बिऱ्हाडं आली, आणि शाळा राहिली. जुन्या गावातली पोरंही आता कालव्याचा वळसा न घेता नव्या रस्त्यानं येतात. दूधगाडी आत यायला लागली, पिठाची गिरणी आली. नंबरच्या पाट्या मात्र बुजवलेल्या दारांवरच आहेत. नोंद तिथलीच ना! पोस्टमन अजून भिंतीसमोर उभा राहून हाका मारतो.

अहवालात माझ्या "शाळाभिमुख दूरदृष्टी"चं कौतुक आलं. बायकोनं तो कागद वाचला आणि आमच्या घराच्या पायाभरणीला स्वतः होकायंत्र घेऊन उभी राहिली.

धडा एवढाच. नकाशावर डबा ठेवू नये. ठेवलाच, तर रिटायर होईपर्यंत कुणाला सांगू नये.