डाव्या दिव्यातले खोबरेल

तुम्ही स्वतः बिघडवलेले यंत्र स्वतःच दुरुस्त करून त्याची शाबासकी कधी घेतली आहे का? मी घेतली आहे. चार वर्षांपूर्वी, रत्नागिरीत, माझ्या मामाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात, चारचौघांसमोर. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि लोकांनी कसे वागावे हे सांगणारी पत्रके लिहीत होतो.

पत्रकांवरच मी वाढलो. वडील प्राथमिक शिक्षक. एसटी स्टँडवर, सभेत, मोर्चात कोणी हातात कागद दिला की तो घडी घालून खिशात ठेवायचे आणि घरी आल्यावर मला मोठ्याने वाचायला लावायचे. दारूबंदीचे, हुंड्याविरुद्धचे, गिरणी कामगारांचे. वाचून झाले की विचारायचे, "यातलं तुला काय करता येईल ते सांग." काहीतरी सांगितल्याशिवाय जेवायला बसता येत नसे. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असते असे समजण्याची सवय मला फार लवकर लागली.

कॉलेज सोडून मी मामाच्या हाताखाली काम शिकू लागलो. बागांतले पंप, मिक्सर, पंखे. जळलेली तार उलगडायची, वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे. त्या वर्षी पाऊस संपता संपता माझे नवे पत्रक छापून आले होते. परदेशी मालाचा मोह सोडा, आपल्या मातीतले वापरा, असा त्याचा मजकूर. गठ्ठा दुकानातच ठेवला होता.

त्याच आठवड्यात ती गाडी दारात आली. लाल, बुटकी, दोनच माणसांची. शहराजवळच्या एका आंबा बागायतदाराच्या मेव्हण्याने आखातात दहा वर्षे वापरून ती बोटीने आणली होती आणि जागेअभावी बहिणीच्या दारात सोडली होती. तिचे पुढचे दिवे दिसतच नसत. ते बॉनेटच्या आत झाकलेले असत, आणि बटण दाबले की बेडकाने डोळे वर काढावेत तसे वर येत. म्हणून गाव तिला बेडूक म्हणे. बागायतदारांना ती चालवता येत नव्हती. त्यांचा ड्रायव्हर चालवी आणि ते गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसत.

ड्रायव्हर लांज्याच्या आतल्या एका गावचा, चाळिशीचा. बारा वर्षे मुंबईत टॅक्सी चालवून आला होता, कारण बायको अंथरुणाला खिळली होती आणि दोन मुली लहान होत्या. इथल्या नोकरीमुळे त्याला दर शनिवारी घरी जाता येई. ही नोकरी गेली तर पुन्हा मुंबई, हे तो स्वतःच सांगे.

"डावा डोळा उशिरा उघडतो हिचा," तो म्हणाला. "मामा खंय?"

मामा पंप बसवायला गेला होता. मी म्हटले, मी बघतो.

प्रत्येक दिव्याला एक छोटी मोटार असते. ती दाते असलेली चाके फिरवते, त्यांच्यामुळे दिवा वर येतो आणि पूर्ण वर आला की मोटारीची वीज आपोआप तुटते. मी त्या चाकांची डावी डबी उघडली. आतले जुने ग्रीस वाळून चिकट झाले होते.

"मेव्हणे बोलले होते, वेगळं ग्रीस लागतं," ड्रायव्हर म्हणाला. "मुंबैहून मागवू काय?"

"परदेशी ग्रीस कशाला? तुमच्या घरी दाराच्या बिजागरीला काय घालता?"

"खोबरेल."

"शिवणयंत्राला?"

"खोबरेल. पन रे, ती गाडी हाय."

"मग गाडी काय आकाशातून पडली?"

मी त्याला दहा मिनिटे व्याख्यान दिले. घाण्यावरचे शुद्ध खोबरेल आणून डावी डबी भरली, आणि एवीतेवी उघडलेच आहे म्हणून उजवीही. दिवे सरसर वर आले. ड्रायव्हर खूश झाला. जाताना मी त्याच्या हातात पत्रक ठेवले.

पौषात पाच-सहा दिवस चांगली थंडी पडली. एका पहाटे बागायतदारांना पाहुण्यांसमोर गाडी काढायची होती. धुके होते, म्हणून ड्रायव्हरने दिव्यांचे बटण दाबले. उजवा दिवा रखडत वर आला. डावा अर्ध्यावर अडकला. तो पूर्ण वर न आल्यामुळे वीज तुटली नाही आणि मोटार गुरगुरत राहिली. वास आला तेव्हा ती जळून गेली होती. बागायतदार पाहुण्यांदेखत ड्रायव्हरला म्हणाले, "बटण दाबून झोपलास काय? शनिवारी गेलास की परत येऊ नकोस."

जळलेली मोटार त्याच सकाळी दुकानात आली. मामाने मला ती सोडवायला सांगितली आणि तो गिऱ्हाइकाशी बोलत बसला. मी डबी उघडली. आत पांढरेशुभ्र, मेणासारखे घट्ट खोबरेल.

दर थंडीत आई तेलाची बाटली उन्हात ठेवते हे मी जन्मापासून पाहत आलो आहे. रत्नागिरीत हे कोणाला सांगावे लागत नाही. पत्रकाचा मजकूर लिहिताना आणि डबी भरताना ते माझ्या डोक्यात एकदाही आले नव्हते.

मी रॉकेलचे फडके घेतले आणि मामा वळायच्या आत डबी लख्ख पुसून टाकली.

पुढचे दोन दिवस मी त्या मोटारीवर जीव तोडून काम केले. लिंबाएवढा तिचा गाभा. वेढे दोनदा मोजले, तार भरली, व्हार्निश देऊन उन्हात सुकवली, नवे ग्रीस घातले. मामाने हात लावला नाही. शुक्रवारी दुपारी दिवा वर आला तेव्हा रस्त्यावरची माणसे थांबून बघत होती.

"हात चांगला आहे हो तुमच्या भाच्याचा," बागायतदार मामाला म्हणाले. "नाहीतर आमचा हा! हातात दिलं की मोडलं."

ड्रायव्हर गाडीपाशी उभा होता. खोबरेल घालताना त्याने मला पाहिले होते. मी मान खाली घालून हसलो, लाजल्यासारखे. ते हसू मला अजून आठवते.

बागायतदार मामाशी बोलत राहिले तेव्हा मी ड्रायव्हरजवळ गेलो. हळूच विचारले, "तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"मालकांनी मला इचारलानी काय? आनि सांगून काय झालं असतं? तुजं छापलेलं असतं. माजं आपलं तोंडी."

गाडी गेली. मी मामाला सगळे सांगितले. आधी तेलाचे, मग फडक्याचे. तेलाचे ऐकून तो हसला. फडक्याचे ऐकून त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मेल्या, तेल चुकलं तर शिकशील. पण पुसलंस? आता त्या माणसानं काय दाखवायचं?" मग म्हणाला, "सायकल काढ. आत्ता जा."

बागायतदार मोहोरावर फवारणी करून घेत होते. मी बोलायला लागलो आणि त्यांनी मला मध्येच थांबवले.

"पत्रकं वाटणारा तूच ना? कळलं. कामगार वाचवायला तुम्ही लोक काहीही सांगाल. खोबरेल म्हणे! दाखव कुठे आहे ते."

ज्या तोंडाने मी गावाला खरे बोलायला सांगत होतो, त्याच तोंडाचे खरे कोणी मानेना. आणि पुरावा मीच पुसला होता. मी परत निघालो. फाटकापर्यंत गेल्यावर उजव्या दिव्याची आठवण झाली. तो जळला नव्हता, म्हणून त्याची डबी कोणी उघडलीच नव्हती.

मी मागे फिरलो. "उद्या सकाळी सात वाजता उजवी मोटार तुमच्यासमोर उघडतो. आत खोबरेल नसेल तर मामाच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पण तुमचे ड्रायव्हर गावी निघायच्या आधी उघडायची. आणि त्यांच्यासमोर."

शनिवारी अंगणात आम्ही चौघे होतो. बागायतदार, त्यांची बायको, ड्रायव्हर आणि मी. ड्रायव्हरची वळकटी ओटीवर बांधून ठेवलेली होती. स्क्रू माझ्या हातून दोनदा खाली पडला. झाकण निघाले. आत पांढरे.

बागायतदारांनी नखाने खरवडले, वास घेतला आणि बायकोपुढे बोट धरले.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "डोक्याला लावायचं ते गाडीला चोपडलंस! वेणी पण घालायचीस की तिची."

ड्रायव्हर पहिल्यांदा हसला. बागायतदार हसले नाहीत. बराच वेळ ते बोटावरचे तेल चोळत राहिले.

"सोमवारी लवकर ये," शेवटी ते त्याला म्हणाले.

"येतो," ड्रायव्हर म्हणाला. "पन साहेब, त्या पाव्हण्यांना तेवढं कळवा. त्यांच्यादेखत बोललात."

कळवतो, असे ते म्हणाले. कळवले की नाही, मला माहीत नाही. माफी त्यांनी मागितली नाही. मी मागितली, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "बस झालं रे," आणि वळकटी न घेता एसटी पकडायला गेला.

मामाने महिनाभर मला एकही मोटार उघडू दिली नाही. माझी चूक तेलाची होती तोवर ती साधी चूक होती. फडके उचलले त्या क्षणी मी बागायतदारांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो, आणि तेही त्यांनी न बोलावता. आपल्या मातीतले वापरा, असे मी आजही म्हणतो. बाहेरून आणलेल्या लाल गाड्या म्हणजे नुसता मोह, हे माझे मतही बदललेले नाही. पण माझे कोणतेही पत्रक वाचण्याआधी लोकांनी मला एवढे विचारायला हवे होते की, बाबा, तू लिहितोस त्यातले स्वतःच्या हाताने काय तपासले आहेस?

हे वाचणाऱ्यांत कोणी मालक असतील, कोणी कारागीर. दोघांकडेही माझे एकच मागणे आहे. तुमच्याकडे आत्ता एखादी बिघडलेली वस्तू पडून असेल आणि तिचा ठपका कोणावर ठेवलेला असेल, तर तिला फडके लावू नका. त्या माणसाला उद्या सकाळी बोलावून घ्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती उघडा.