सलमाला दिसेल असा हॉर्न

सलमाच्या नंबरवरून साधा कॉल आला, तेव्हाच काळजात चर्र झालं. ती नेहमी व्हिडिओ कॉल करायची, हातांनी बोलायची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. फोनवर तिचा धाकटा भाऊ रफिक होता. "शोभाताई, आपा गेली... इथंच चिखलीत, घरासमोर. टेम्पो रिव्हर्स येत होता."

चाकणच्या कंपनीत आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहून कितीतरी वर्षं काम केलं. खुणांच्या बोलीत माझं नाव तिनं नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवून ठेवलं होतं. माझा राग कायम तिथंच असतो म्हणे! एकदा माल नेणारी फोर्कलिफ्ट मागून थेट तिच्या अंगावर आली. मी खस्सकन ओढलं म्हणून वाचली. साहेब म्हणाले, "हिला हॉर्न ऐकू येत नाही. उद्या काही झालं तर? घरी बसवा हिला." अहो, पदरात दोन लेकरं, नवरा नाही, घरी बसून खाणार काय? साहेबांचे ओठ बघूनच सलमाला सगळं कळलं होतं. तिनं भराभर हात हलवले आणि मी मोठ्यानं सांगितलं, "ती म्हणतेय, मी बहिरी आहे, आंधळी नाही. मला दिसेल असा हॉर्न लावा."

साहेब आधी चिडले, मग विचारात पडले. शेवटी फोर्कलिफ्टला दिवा बसला. गाडी यायच्या आधी तिचा निळा उजेड जमिनीवर सरकत येतो. सलमाची नोकरी टिकली, आणि फायदा आम्हा सगळ्यांचाच झाला. मशीनच्या धडधडाटात, कानात बोळे घातल्यावर, हॉर्न आम्हाला तरी कुठं धड ऐकू यायचा?

कंपनीबाहेर मात्र तिच्यासाठी कुणी दिवा लावला नव्हता... दफन झाल्यावर टेम्पोवाला रफिकपुढं हात जोडून रडत होता. "भाऊ, रिव्हर्सचं गाणं वाजत होतं हो. आख्ख्या गल्लीला ऐकू गेलं." खोटं बोलत नव्हता बिचारा. आता कुठंही ती धून वाजली की माझ्या अंगावर काटा येतो. राग तर इतका येतो, पण काढू कुणावर?

कॅन्टीनमध्ये सलमा कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावूनच बसायची. मागून कुणी येण्याची भीती नको म्हणून. ती जागा पोरी अजून रिकामी ठेवतात. परवा डबा घेऊन मीच तिथं बसले. समोर सगळं दिसत होतं... दार, पोरींचं हसणं, वाढपी. मागं नुसती भिंत. तरी घास हातात धरून मी सारखी मागं वळून बघत होते.