फणीत राहिलेली टोकं

वडील गेल्यानंतर आईने वर्षभर काही लिहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात रेणापूरहून तिने मोबाईलवर एक कविता पाठवली. लहानपण म्हणजे सुटं सूत, तरुणपण म्हणजे मागावरचा ताणा, संसार म्हणजे धोट्याच्या येरझाऱ्या. इथवर कळलं. शेवटापाशी मात्र अडले: 'विणून झालं, थान उतरव बाई, टोकं तेवढी फणीत राहू दे.'

हा शेवटचा निरोप आहे का, असं मी फोनवर विचारलं.

"कविता इस्कटून सांगायची असती व्हय?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मी नांदेडला यंत्रं तपासण्याचं काम करते. अंदाजावर राहणं मला जमत नाही, आणि या बाबतीत तर मुळीच नाही. म्हणून शनिवारी रेणापूरला जाताना वाट वाकडी करून आधी मुखेड गाठलं. मुखेड आईचं माहेर. लग्नाआधी ती तिथे हातमागावर जायची.

सकाळची लवकरची एसटी घ्या, बसायला जागा मिळते. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडबाहेर भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला गरम असतानाच खा.

आईची मैत्रीण शांतामावशी अजून विणते. मी पोहोचले तेव्हा ती विणलेल्या कापडाचं तयार थान मागावरून कापून उतरवत होती. मागाच्या फणीच्या, म्हणजे उभे धागे ओवायच्या कंगव्याच्या, दातांतून जुन्या ताण्याची वीतभर टोकं लोंबत राहिली. मदत म्हणून मी कात्री उचलली.

"आगं ए, ठेव ती!" मावशी ओरडली आणि मग हसतच सुटली. "आईची लेक शोभतीस. तिनं बी पयल्याच दिशी टोकं कापली हुती. मग बसली रडत, येक येक धागा फणीतून ओवत."

"पण थान तर संपलं ना?"

"नवा ताणा कशाला जोडू मग? ह्या टोकांलाच की!"

बोटांना राख लावून ती जुन्या टोकाला नवा धागा पिळू लागली. मी दुपारपर्यंत तिथेच बसले.

पुढे लातूरच्या वाटेवर धूळ फार. रुमाल जवळ ठेवा. लातूरहून रेणापूरला गाड्या सारख्या असतात.

आई भाकरी थापत होती.

"टोकं कापली होतीस म्हणे?"

तिचा हात थांबला. "शांतीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई!" आणि ती हसली. वडील गेल्यापासून तिचं हे हसू मी ऐकलं नव्हतं.

"मला वाटलं, तू आवरतं घेतेस."

"थान उतरलं गं. माग कुठं मोडलाय?"

"मग नवा ताणा कसला?"

"इचार करायलेय. भाकरी खा आधी."

नांदेडला परतल्यावर कविता पुन्हा वाचली. शब्द तेच आहेत. माझी भीती मात्र त्यात आता सापडत नाही.

काल आईचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट.

"मुखेडला निघालेय. शांतीनं येक माग माझ्यासाठी ठिवलाय म्हणं."

"जमेल तुला? इतक्या वर्षांनी?"

"जमंल की. कात्री तेवढी तिच्याकडंच राहू देते."