माडावरचे काका आणि पाण्याची गोळी

धर्माकाका माडाला मिठी मारून अर्ध्यात थांबले होते. मी खालून मोठ्या डॉक्टरांच्या आवाजात ओरडत होतो, "काय हो धर्मा, गोळी घेतली का गोळी?" नाकातून, शेवटचा शब्द ताणून. गावात ही माझी हिट नक्कल आहे. काका नेहमी खो खो हसतात.

या वेळी हसले नाहीत.

"गप रं. फिरतंय सगलं."

मी दिवेआगरजवळच्या उपकेंद्रात सीएचओ, समुदाय आरोग्य अधिकारी, आहे. म्हणजे डॉक्टर नाही. बीपी मोजायचं, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या द्यायच्या, लोकांना समजवायचं. समजवताना मी नकला करतो. लोक हसतात, मान हलवतात, मला वाटतं समजलं.

धर्माकाका पाडेली. माडावर चढून नारळ उतरवणारे. साठीला आले तरी वानरासारखे चढतात. आठवड्यापूर्वी ते सांगून गेले होते, उभं राहिलं की अंधारी येते. मी म्हटलं, बीपी वाढलं असेल, गोळी चुकवू नका. वर डॉक्टरांचा आवाज काढून दाखवला. काका हसले, मी खूश.

आता ते माडाला चिकटले होते आणि मी खालून "हळू, हळू" ओरडत होतो.

सावकाश, एकेक पाय खाली टाकत ते उतरले. मी बसवून बीपी घेतलं. एकदम बरोबर. "काका, बीपी तर मस्त आहे!" मी असा बोललो की जणू मीच बनवलंय.

आरोग्य केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. खरा आवाज आला. नाकातूनच.

"बसवून घेतलंस? आता झोपवून घे. मग उभं करून घे."

झोपवून ठीक होतं. उभं केलं आणि वरचा आकडा धाडकन पडला. काकांनी माझा खांदा धरला.

"पाण्याची गोळी चालू आहे ना त्यांना?" डॉक्टर म्हणाले. ही बीपीचीच गोळी. शरीरातलं जादा पाणी आणि मीठ लघवीवाटे बाहेर काढते. "पाणी किती पितात? लघवीचं काय?"

"विचारलं नाही सर."

"मग इतके दिवस काय केलंस?"

नकला, असं सांगणार होतो, पण फोन ठेवला.

मी काकांच्या बाजूला बसलो. माझ्याच आवाजात विचारलं. काकांनी आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं.

"सकाली गोली घेतली की मला घाई लागते. आवरत न्हाय. आनि गेलो की धार धड येत न्हाय, उभाच ऱ्हातो."

"मग उतरून जायचं ना वाडीत कुठंतरी."

"कुठं? पयला कुठंबी जायचो. आता होमस्टेवाल्यांनी परत्येक माडाखाली टेबल टाकलंय. बायामानसं नाश्टा करत बसतात, वर बघून माजा फोटू काढतात. म्हनून सकालपास्नं पानीच पीत न्हाय. काम झाल्याव पितो."

म्हणजे दिवसभर पर्यटकांना शहाळी उतरवून देणारा हा माणूस स्वतः कोरडा. वरून ऊन, आतून गोळी पाणी काढतेय. चक्कर येणार नाही तर काय?

"मला का नाय सांगितलंत?"

"तू बोलू देतोस कधी? आनि हसता हसता मुताचं कसं काडायचं?"

डॉक्टरांनी त्यांना बोलावून गोळी बदलली आणि महिनाभर चढायचं नाही म्हणून बजावलं. तालुक्याला तपासणीत प्रोस्टेट वाढलेली निघाली. पुरुषांच्या मूत्राशयाखाली ही ग्रंथी असते, वयानं फुगते, वाट अडवते. तिची वेगळी गोळी सुरू झाली. ती रात्री झोपताना घ्यायची, कारण तिनंही चक्कर येऊ शकते. होमस्टेच्या वहिनींनी मागच्या संडासाची चावी काकांच्या करदोट्याला बांधली. एवढा मान उपकेंद्रात मला कधी कुणी दिला नाही.

परवा काका बीपीला आले. आधी झोपवून, मग उभं करून मोजलं. पडलं नाही. महिना उलटला, आता ते पुन्हा चढतात, पण पाण्याची बाटली कमरेला बांधून. बाहेर बाकड्यावर बायका बसल्या होत्या. काकांनी त्यांच्यासमोर मान डोलावली, हात नाचवले आणि माझा आवाज काढला:

"काका, गोली घेतली ना? घेतली ना? मस्त! पुढचा!"

अख्खं बाकडं हसलं. नक्कल हुबेहूब होती. ऐकून कळलं, पेशंटला उत्तर द्यायला मी जागाच ठेवत नव्हतो.

आता आधी लघवीचं विचारतो. नक्कल नंतर. तीही कुणी मागितली तर.