बेरीज अकराच

तैवानमधल्या आमच्या कांगशानच्या स्क्रू-कारखान्यात ल्याओ छिनताई अहवाल काढायच्या. बाई तोंडाने फटकळ, पण कामात चोख.

वर्षअखेरीला अपघातांचा विभागवार अहवाल निघे. त्या वर्षी भट्टी विभागात सहा अपघात झाले, बाकी पाच विभागांत एकेक. पॅकिंगमधला एक म्हणजे आमच्या आहुईचं तुटलेलं बोट. यंत्राला जाळी बसवा म्हणून ती आधीपासून ओरडत होती. आता तिचा विभाग अहवालात दिसला, तरच मालकीणबाई जाळी मंजूर करणार होत्या.

आमचे व्यवस्थापक फान म्हणाले, "ताई, दोनपेक्षा कमी अपघातांचे विभाग फिल्टर लावून उडवा. उगाच गर्दी दिसते."

"ओळी लपवते. पण खालची बेरीज सगळ्यांचीच राहील. अकरा."

"दिसतंय तेवढ्याचीच घ्या ना! एक टिचकी तर मारायची."

"मग तुम्हीच मारा, आणि खाली सहीपण तुमचीच करा. आहुईचं बोट काय उगवणार आहे त्याने?"

अपघात कमी दिसले की फानसाहेबांची शाबासकी पक्की. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मेजवानी जवळ आलीय, लक्षात ठेवा," एवढंच म्हणाले.

अहवाल तसाच वर गेला. एकच ओळ, सहाची. खाली बेरीज अकरा.

वर्षअखेरच्या मेजवानीत कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळवलं त्याची नोकरी गेली, ही जुनी रीत. हल्ली भले मालक डोकंच काढून ठेवतात. त्या संध्याकाळी मात्र आमच्या टेबलावर अख्खी कोंबडी आली, आणि फानसाहेबांनी हसत हसत ताट फिरवून डोकं छिनताईंसमोर आणलं. मला भलताच संताप आला.

छिनताईंनी ते डोकं मोडून वाटीत घेतलं आणि वाटीसकट थेट मालकीणबाईंच्या टेबलाशी गेल्या.

"मालकीणबाई, मला काढायचं तर तोंडाने सांगा. कोंबडीकरवी नको. आणि आधी माझा अहवाल वाचा."

"वाचलाय. वर सहा, खाली अकरा. मला वाटलं, तुझीच चूक."

"चूक नाही. बाकीचे पाच मला लपवायला लावलेत."

"कुठले पाच?"

छिनताई वळल्या आणि भर मांडवात ओरडल्या, "आहुई, हात वर कर!"

आहुईने हात वर केला, चार बोटांचा. मग मागच्या टेबलांवरून एकेक करत आणखी चार हात वर आले.