दाराखालचा फडका

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बारा वर्षं साफसफाईचं काम करते. माणूस गेल्यावर दोन-दोन महिने बंद राहिलेली घरं मी एकटीने धुतली आहेत... कधी काही दिसलं नाही. पण पळस्प्याजवळच्या नव्या टॉवरमध्ये जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळचे अकरा वाजले होते. सातवा मजला, मालकाला चावी द्यायच्या आधीची सफाई. फ्लॅटमध्ये दोन बाथरूम, अगदी सारखी. एकात मी ब्लीचिंग पावडर टाकून ठेवली, किचन पुसलं, आणि परत आले ती चुकून त्याच बाथरूममध्ये शिरले. फरशीवरचं पांढरं मला पुट्टीची धूळ वाटली. वरून ॲसिड ओतलं.

पावडरवर ॲसिड पडलं की विषारी धूर होतो, हे मला झोपेतही माहीत आहे. तरी चुकले.

तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं. दाराला लॉक होतं, पण आतली मूठ अजून बसवायची होती. खिडकीवर प्लास्टिक ठोकलेलं. घसा जळायला लागला. ओरडायला गेले तर आवाजच फुटेना. खाली बसले... वाटलं, संपलं.

आणि तोंडावर गार वारा आला. दार हातभर उघडं होतं! रांगत बाहेर पडले.

दाराखाली एक ओला फडका होता – घट्ट पिळून पाचरीसारखा सारलेला. माझा फडका तर माझ्या खांद्यावर होता.

माझ्याबरोबर काम करणारी संगीता खोकला ऐकून पाचव्या मजल्यावरून धावत आली.

"अगो बाय, डोळे बघ कसे लाल झालेत! मरायचा हाय का?"

"दार तू उघडलंस?"

"मी आत्ता जिना चढून येतेय. मी नाय."

तिने फडका उचलला आणि पटकन खाली टाकला. "हा उलटा पिळलेला हाय... डाव्या हाताचा."

आम्हाला हे काम शिकवणारी सुमनमावशी डावखुरी होती. नव्या बिल्डिंगमध्ये ती आधी दाराखाली असाच फडका सारायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

"मावशी असती तर आधी शिव्या घातल्या असत्या तुला," संगीता हळूच म्हणाली.

वॉचमनला विचारायची मला लाज वाटली, संगीताने विचारलं. सकाळपासून वर आम्ही दोघीच गेलो होतो.

मला भीती वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तेच बाथरूम मी चकाचक करून दिलं. चारचौघींत माझं तोंड उघडत नाही, पण कामावर नवी बाई आली की मी स्वतःहून सांगते – आधी फरशी पाण्याने धू, मगच ॲसिडची बाटली उघड. दार कोणी उघडलं, ते मात्र मला आजही सांगता येत नाही.